चौतीस खेपांत दोन फटके

वार्षिकाच्या संपादकांनीं यंदा माझ्याकडे लेख मागितला व विषय तुम्हीच निवडा असें सांगितलें. निवडलेला विषय ऐकल्यावर मात्र ते किंचित् हंसले. मराठी शिकविणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या, जन्मांत कधीं बॅट नीट न धरलेल्या मास्तरानें बेसबॉलवर लिहावें, हें त्यांस चमत्कारिक वाटलें असावें. वाचकांसही वाटेल. परंतु गेलीं सहा-सात वर्षें ज्या खेळानें माझ्या पहाटेच्या झोंपेचा, आणि खरें सांगावयाचें तर माझ्या स्वभावाचाही, पुष्कळ नाश केला, त्याविषयीं एकदां मन मोकळें करावें असें फार दिवस मनांत होतें.

इ. स. २०१९ मध्यें एका लहानशा अभ्यासक्रमाकरितां मला अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं सहा महिने राहण्याचा योग आला. ज्यांच्या घरीं मी उतरलों होतों त्या चाळीस वर्षें शाळेंत शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. मी मनांतल्या मनांत त्यांस ‘बाई’ असेंच म्हणत असें. शाळेंत शिकविणाऱ्या स्त्रीला दुसरें कांहीं म्हणावयास आपली जीभ वळत नाहीं. पहिल्याच आठवड्यांत त्यांनीं मला कॅम्डन यार्ड्‌स नांवाच्या मैदानावर नेलें. हें मैदान १९९२ सालीं खुलें झालें. त्याच्या उजव्या अंगास रेल्वेची जुनी, लाल विटांची, लांबच लांब वखार मुद्दाम तशीच राखली आहे, आणि थोडें चाललें कीं बेब रूथ ज्या घरांत जन्मला तें घर लागतें. तेथील संघाचें नांव ओरिओल्स. ओरिओल हा नारिंगी-काळ्या रंगाचा पक्षी असून तो मेरीलंड राज्याचा मानाचा पक्षी आहे. आपल्या हळद्याशीं त्याचें नातें केवळ इंग्रजी नांवापुरतें.

त्या वर्षीं हा संघ १६२ सामन्यांपैकीं १०८ हरला. आदल्या वर्षीं ११५ हरला होता. बाई तरीही जात, आणि मांडीवर वही घेऊन प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक खेपेची नोंद पेन्सिलीनें करीत. फलंदाज बॅट फिरवून तिसऱ्यांदा चुकला कीं ‘के’ हें इंग्रजी अक्षर. आणि चांगला चेंडू नुसता पाहात राहून बाद झाला कीं तेंच अक्षर उलटें. त्यांची वही उलट्या-सुलट्या ‘के’ अक्षरांनीं भरलेली असे. मी त्यांस कधीं ओरडतांना पाहिलें नाहीं. त्याच जून महिन्यांत नव्या खेळाडूंच्या निवडींत ओरिओल्सनीं देशांतून पहिला म्हणून ॲडली रचमन या तरुणाला घेतलें, तेव्हां बाईंनीं वहींतून डोकें वर न काढतां म्हटलें, “आतां तीन वर्षें धीर धरा.” तो १९ नव्हे, २० नव्हे, २१ नव्हे, २०२२ च्या मे महिन्यांत पहिल्या दर्जाच्या सामन्यांत उतरला. हिशेब बरोबर तीन वर्षांचा होता.

आमचे वाचक क्रिकेट जाणतात, म्हणून फरक तेवढा सांगतों. क्रिकेटमध्यें दोन्ही बाजूंच्या स्टंपांत ६६ फूट अंतर असतें. बेसबॉलमध्यें चेंडू टाकणारा पिचर साठ फूट सहा इंचांवर उभा राहतो, आणि चेंडू टप्पा न खातां सरळ हवेंतून येतो. आजकाल तेथील वेगवान चेंडूची सरासरी गति ताशीं सुमारें ९४ मैल आहे. म्हणजे फलंदाजाला एका सेकंदाचे दहा भाग केले असतां त्यांतले जेमतेम चार मिळतात, आणि बॅट फिरवावी कीं सोडून द्यावें हें तर चेंडू निम्म्या वाटेवर असतांनाच ठरवावें लागतें. बॅट गोल आणि चेंडूही गोल. सतरा इंच रुंदीच्या पट्ट्याबाहेरून जाणारा चेंडू ओळखून सोडणें हें निम्में कौशल्य. दहा खेपांत तीनदां ज्याचा फटका साधतो त्याला तेथें उत्तम फलंदाज म्हणतात. तीस टक्के गुणांवर आमच्या शाळेंत कोणी उत्तीर्णही होत नाहीं. २०२४ सालीं तर सर्व फलंदाज मिळून हजार खेपांत २४३ फटके, एवढीच सरासरी होती.

स्वदेशीं परत आलों, पण खेळ कांहीं सुटला नाहीं. तेथें सायंकाळीं सात वाजतां सुरू होणारा सामना उन्हाळ्यांत आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतो. कानांत यंत्र घालून, अंधारांत चहा करीत, मी तो ऐकूं लागलों. शनिवारचा सामना रविवारीं उपासनेपूर्वीं संपावा अशी माझी नेहमींची इच्छा असे, व ती बहुधा सफळ होई. धीर धरल्याचें फळही मिळालें. २०२३ सालीं संघानें १०१ सामने जिंकले. रचमन होता, गनर हेंडरसन होता, आणि खालच्या दर्जाच्या संघांतून आणखी एक मुलगा वर येत होता: जॅक्सन हॉलिडे. याचे वडील मॅट हॉलिडे हे २००७ सालीं आपल्या लीगमध्यें सरासरीनें पहिले आलेले फलंदाज. मुलगा २०२२ च्या निवडींत देशांत पहिला, आणि २०२३ च्या एकाच हंगामांत चार पायऱ्या चढून वर आलेला.

१० एप्रिल २०२४ रोजीं तो बोस्टनमध्यें पहिला सामना खेळला. वय वीस. त्या दिवशीं फटका नाहीं. दुसऱ्या दिवशीं नाहीं. पहिला फटका मिळाला तो १४ तारखेला. दहा सामने झाले तेव्हां त्याच्या नांवावर चौतीस खेपा, दोन फटके, आणि तीन स्ट्राइक होऊन बाद होणें अठरा वेळां. २६ एप्रिलला त्याला पुन्हां खालच्या संघांत धाडण्यांत आलें.

त्या सोळा दिवसांत मीं जो संताप केला तो आठवून आज लाज वाटते. परंतु त्यांतला कांहीं भाग मी अजूनही मागें घेणार नाहीं. माझा राग मुलावर फारसा नव्हता, शिकविणाऱ्यांवर होता. हल्लीं प्रत्येक मैदानावर अशीं यंत्रें बसविलेलीं आहेत, कीं बॅटीवरून चेंडू किती वेगानें सुटला व किती अंशांच्या कोनानें वर गेला हें तत्काळ समजतें. २०१५ पासून सर्व मैदानांवर हें चाललें आहे. प्रत्येक संघापाशीं फलंदाजीचे दोन-दोन, तीन-तीन शिक्षक. मला वाटे, बिचाऱ्याच्या कानांत इतके आवाज शिरले आहेत, कीं चार दशांश सेकंदांत त्यानें कोणाचें ऐकावें? पाय उचलूं नको, हात मागें घे, हा सोड, तो मार. जो खेळ विचार करावयास वेळच देत नाहीं, त्यांत विचारांचें ओझें घालून मुलाला उभें करणारे हे कसले शिक्षक! एके पहाटे मी बहुधा हें मोठ्यानें बोललों. आमच्या मंडळी जाग्या झाल्या व दारांत येऊन उभ्या राहिल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “हें आपल्या त्या सातवींतल्या मुलाच्या आईनें तुम्हांला ऐकविलें असतें तर?”

त्या मुलाची हकीकत अशी. त्याच वर्षीं जानेवारींत तालुक्याच्या वक्तृत्वस्पर्धेकरितां मीं एक मुलगा तयार केला होता. तो गांवाकडचा होता. गोष्ट सांगूं लागला कीं वर्ग स्तब्ध होई. हात कोठें जातात, श्वास कोठें घेतों, याची त्याला शुद्ध नसे, आणि तेंच त्याचें बळ होतें. तें बळ मला दिसत होतें, म्हणूनच मीं त्याला निवडलें. आणि निवडल्याबरोबर तें सुधारावयास लागलों. ‘न’च्या जागीं ‘ण’ हवा. उजवा हात तिसऱ्या वाक्याला, आधीं नको. श्वास पूर्णविरामावर. त्याच्या भाषणाच्या कागदावर लाल पेन्सिलीच्या इतक्या खुणा झाल्या, कीं मूळचीं अक्षरें दिसेनाशीं झालीं. स्पर्धेच्या दिवशीं तो व्यासपीठावर गेला, नमस्कार केला, पहिलें वाक्य बोलला, हात वर उचलला, आणि तो हात तसाच वर राहिला. पुढें शब्द आला नाहीं. किती वेळ गेला तें मला सांगतां येणार नाहीं. मीं खालीं पाहिलें होतें. परत येतांना एस्. टी.मध्यें तो खिडकीकडे तोंड करून बसला. मीं त्याला कांहीं बोललों नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं शिक्षकांच्या खोलींत मात्र “मुलानें पाठांतर कच्चें ठेविलें” असें सांगून मोकळा झालों. तें खरें नव्हतें. पाठांतर त्याचें पक्कें होतें.

मंडळींना मीं त्या पहाटे कांहीं उत्तर दिलें नाहीं. सामनाही पुढें ऐकला नाहीं.

तरी मनुष्याचा अहंकार सहज मरत नाहीं. मीं बाईंना एक लांबलचक पत्र लिहिलें. त्यांत विली मेजचा दाखला दिला: १९५१ सालीं हा महान् खेळाडू वीस वर्षांचा असतांना न्यूयॉर्कच्या जायंट्‌स संघांत आला, पहिल्या बारा खेपांत त्याला एकही फटका मिळाला नाहीं, तरीही त्याचे मॅनेजर लिओ ड्युरोशर यांनीं त्याला खालीं धाडलें नाहीं, उलट जागा तुझीच आहे असें बजावलें, आणि त्या हंगामाअखेर तो नव्या खेळाडूंत सर्वोत्तम ठरला. असे शिक्षक आज कोठें आहेत, असा माझा सवाल होता.

बाईंचें उत्तर अर्ध्या पानाचें आलें. मेजविषयीं त्यांनीं अवाक्षर लिहिलें नव्हतें. ब्रुक्स रॉबिन्सन यांच्याविषयीं लिहिलें होतें. बाल्टिमोरमध्यें या नांवाला जो मान आहे तो आपल्याकडे थोड्याच खेळाडूंस मिळतो. २०२३ च्या सप्टेंबरांत ते वारले तेव्हां सारें शहर हळहळलें. हे रॉबिन्सन १९५५ सालीं अठरा वर्षांचे असतांना ओरिओल्सकडून प्रथम खेळले. पहिल्या दिवशीं दोन फटके मिळाले. पुढें अठरा खेपांत एकही नाहीं. त्या हंगामाची बेरीज बावीस खेपांत दोन. त्यानंतर कित्येक वर्षें त्यांस वर आणीत व खालीं धाडीत. १९५९ सालीं देखील त्यांस व्हँकूव्हरला धाडलें होतें. १९६४ सालीं ते लीगमधील सर्वांत मोलाचे खेळाडू ठरले, आणि तेवीस हंगाम या एकाच संघाकडून खेळले. शेवटीं बाईंनीं एवढेंच विचारलें होतें, “त्यांस खालीं धाडणारे सगळेच मूर्ख होते असें तुम्हांस वाटतें काय?”

माझी मोठी पंचाईत झाली. खालीं धाडणें हा अन्याय, असें मी धरून चाललों होतों. परंतु एखाद्या मुलाला भरलेल्या मैदानाच्या नजरेंतून काढून जेथें कोणी पाहात नाहीं अशा ठिकाणीं चुकूं देणें, ही दयाही असूं शकते. मीं माझ्या मुलाला तसें चुकण्याची जागा कोठें दिली होती? आमच्या तालमी देखील मी सबंध वर्गासमोर घेत असें.

हॉलिडे ३१ जुलै २०२४ रोजीं परत आला. त्याच दिवशीं टोरोंटोच्या संघाविरुद्ध, तिन्ही बेसांवर आपले गडी उभे असतां, त्यानें चेंडू मैदानाबाहेर धाडला. पहिल्या दर्जाच्या सामन्यांतील त्याचा हा पहिलाच होम-रन. एका फटक्यांत चार धांवा. आपल्याकडे १ ऑगस्टची पहाट होती व पाऊस पडत होता. मी ओरडलों तेव्हां या खेपेस मंडळी रागावल्या नाहींत.

येथें गोष्ट थांबती तर फार बरें होतें. पण त्या हंगामाअखेर त्याची सरासरी हजारीं १८९ च राहिली. रचमनची फलंदाजी हंगामाच्या उत्तरार्धांत अशी कांहीं आटली, कीं ऐकवेना. ऑक्टोबरांत कॅन्सस सिटीच्या संघाशीं दोन निर्णायक सामने झाले. पहिला १–० असा गेला, दुसरा २–१ असा. तरुण फलंदाजांनीं भरलेल्या संघाला अठरा डावांत मिळून एक धांव! दुसऱ्या सामन्यांत तिन्ही बेस भरलेले असतां कोल्टन काउझर या नव्या खेळाडूनें अशा चेंडूवर बॅट फिरविली, कीं जो येऊन त्याच्याच हातावर आदळला. हाताचें हाड मोडलें आणि वर तो बादही ठरला. हंगाम संपल्यावर फलंदाजीचे शिक्षक बदलले. २०२५ सालीं गाडी आणखी घसरली: १५ विजय व २८ पराभव अशी स्थिति असतां १७ मे रोजीं मॅनेजर ब्रँडन हाइड यांस काढलें, आणि अखेरचा हिशेब ७५ विजय, ८७ पराभव असा झाला. हॉलिडेनें मात्र त्या हंगामांत १७ होम-रन मारले. शिक्षक बदलले म्हणून मारले, कीं एक वर्षानें मोठा झाला म्हणून मारले, हें मला सांगतां येत नाहीं, आणि सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वासही नाहीं. मी अजूनही पहाटे चिडतों. चेंडू बाहेरचा असतां बॅट फिरविली कीं “अरे, सोड ना!” असें तोंडून निघून जातें. मात्र शिक्षकांचें नांव घेऊन ओरडणें सुटलें आहे.

तो मुलगा आतां नववींत आहे. दोन वर्षें त्यानें स्पर्धेला नांव दिलें नाहीं, आणि मीं विचारलेंही नाहीं. विचारण्याचा मला काय अधिकार होता? यंदा सूचनाफलकावरच्या यादींत त्यानें आपण होऊन नांव लिहिलें. मधल्या सुटींत माझ्याकडे आला आणि घडी घातलेला कागद पुढें धरला. मीं हात पुढें केला, पण त्यानें कागद सोडला नाहीं.

“सर,” तो म्हणाला, “आधीं एकदां नुसतें ऐका.”

आम्ही शाळेमागें, पाण्याच्या टाकीपाशीं गेलों. तेथें त्या वेळीं कोणी नसतें. तो बोलूं लागला. चौथ्या कीं पांचव्या वाक्याला ‘ण’च्या जागीं ‘न’ आला. माझ्या खिशांत लाल पेन्सिल होती. मीं हात खिशांत घातला, ती मुठींत धरून ठेविली, आणि तो थांबेपर्यंत ऐकत राहिलों.