खाऱ्या वाऱ्यातील पद्मिनी

कोकणच्या किनाऱ्यावर जुनी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थास इंजिनाची जेवढी धास्ती वाटते, तिच्या शतांशानेही पत्र्याची वाटत नाही. आणि मोटारदुरुस्ती शिकविण्यात ज्याची हयात गेली अशा माणसाच्या अधिकाराने मी असे म्हणेन, की हा क्रम नेमका उलट असावयास हवा. प्रीमियर पद्मिनीचे 1089 घन सेंटिमीटरचे इंजिन मूळचेच इतके साधे आणि सोशिक आहे, की रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले, तरी ते पुरेशी पूर्वसूचना देते व बहुधा घरापर्यंत आणून सोडते. पत्रा मात्र वाशाला वाळवी लागावी तसा रंगाखालून पोखरला जातो, आणि एके दिवशी जॅक लावला असता गाडी उचलली न जाता जॅकच पत्र्यात शिरतो, तेव्हा मालकाला पहिली वर्दी मिळते.

पावसहून रत्नागिरीस नित्य जाण्यायेण्यासाठी मी पद्मिनीच वापरतो. गोळप, फणसोप ओलांडून भाट्याच्या सुरुबनापाशी रस्ता समुद्राजवळ येतो, तेथे वारा भरात असला म्हणजे काचेवर मिठाचा पातळ थर साचतो. जो काचेवर दिसतो तोच चाकांच्या कमानीत आणि दारांच्या पोटातही बसतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. या गाडीला निराळी चॅसी नाही. 1953 साली फियाटने इटलीत 1100 ची जी नवी आवृत्ती काढली, तिच्यात पत्र्याचा सांगाडा हाच गाडीचा कणा ठरविण्यात आला, आणि पद्मिनी ही त्याच वंशातली. सबब तळाचा पत्रा किंवा दाराखालची पेटी सडली, तर ती केवळ शोभेची हानी नसून गाडीच्या अस्थींचीच हानी होय. अशा जागी पुट्टी भरून वर रंग मारण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो मला सर्वस्वी अमान्य आहे. निरोगी धातू लागेपर्यंत पत्रा कापून काढावा, नवा तुकडा गॅसने जोडावा आणि आतल्या पोकळीत मेणयुक्त गंजरोधक फवारावे, याहून दुसरा उपाय नाही. दाराच्या खालच्या कडेस पाण्याच्या निचऱ्यासाठी बारीक भोके असतात, ती जांभ्याच्या तांबड्या मातीने आणि कुजलेल्या पानांनी बुजतात, आणि ज्या मुलखात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथे बुजलेल्या भोकाचा अर्थ दारात साचलेले डबके असा होतो. ती मोकळी करावयास मी नारळाच्या झापाचा हीर वापरतो. तो वाकतो, आतल्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतो आणि तारेप्रमाणे रंग ओरखडत नाही.

ही गाडी आपल्याच प्रांताची आहे, याचाही मला अभिमान वाटतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली; कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बाहेर पडू लागली आणि पुढे सत्तरीच्या दशकात तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती 2023 च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत रस्त्यावर होती.

जुनी गाडी जपावयाची म्हणून आच्छादन घालून पडवीत उभी करण्याची चाल मला घातक वाटते. उभ्या गाडीत ब्रेकच्या तेलात हवेतील आर्द्रता शिरते व चाकांतील सिलिंडर आतून गंजून पिस्टन जखडतात. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उडून जाऊन जेटमध्ये चिकट मळ उरतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते पाणी ओढून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले की हे पाणी इथेनॉलसह पेट्रोलपासून विलग होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि टाकी आतून गंजू लागते. जुन्या पद्धतीच्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा पडदा हेही इथेनॉलने फुगतात व फाटतात. तेव्हा नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात आणि एक जादा पडदा नेहमी गाडीत ठेवावा. रोजच्या फेरीने मात्र ताजे पेट्रोल येत राहते, तेल फिरते, ओल उडते. वैशाखात आंबा घाट चढताना पंपातल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी थबकली, तर पंपावर ओले फडके ठेवून थोडा वेळ थांबावे. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडे अंतर जावे, म्हणजे चारही ड्रम सुकतात. नवशिके हे विसरतात, आणि पुढच्या वळणावर ब्रेक लागत नाही तेव्हा त्यांची गाळण उडते.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील मोटारीस ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी मिळते, पण मग ती नित्य वापरता येत नाही; म्हणून ज्याला गाडी रोज चालवावयाची आहे त्याने साधी नोंदणीच कायम राखावी, दर पाच वर्षांनी तपासणी करवून मुदत वाढवून घ्यावी आणि पर्यावरण कर भरावा. नूतनीकरणाची फी 2022 च्या एप्रिलात सहाशेवरून पाच हजारांवर गेली, ती वाढ मध्यमवर्गीय मालकास जाचक ठरली, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु खरी अडचण पैशाची नसून हातांची आहे. स्टिअरिंगवरच्या गिअरदांड्याची जोडणी ज्या लहानशा बुशांवर फिरते, ते झिजले की दुसऱ्या गिअरऐवजी दांडा भलतीकडेच अडकतो. कुर्ल्याच्या भंगारबाजारात मिळणारे बुश आधीच झिजलेले असतात. तेव्हा लेथवर गनमेटलचा नवा बुश काढून घ्यावा लागतो, आणि तो किती सैल ठेवावयाचा हे अंगुलिस्पर्शाने ओळखणारे टर्नर वृद्ध होत चालले आहेत. त्यांचे ज्ञान कोणत्याही छापील पुस्तकात नाही. म्हणून मी एक वही घातली आहे. प्रत्येक बुशाचा आतला-बाहेरचा व्यास, धातू, ठेवावयाची सैल आणि कोणत्या सुट्या भागाच्या जागी दुसऱ्या गाडीचा कोणता भाग चालतो, याची नोंद तीत करतो. शिकाऊ मुले ती उतरवून नेतात. ज्यांच्यापाशी ही गाडी आहे, त्यांनी पावसला अवश्य यावे, आपली मापेही तीत टिपून ठेवावीत; गिअरच्या जोडणीची पाने भरत आली आहेत, पुढच्या चाकांच्या किंगपिनची अजून बरीच कोरी आहेत.