खडूस डबा

इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगच्या केबलमध्ये एक काळा डबा असतो. एका अंगाला तीन पिनांचा जाड प्लग, दुसऱ्या अंगाला गाडीत खोचायची गन, आणि मध्ये हे महाशय. चेहरा म्हणावा तर दोन-तीन दिवे. हिरवा लागला की वीज चालली, लाल लागला की थांबली. का थांबली, ते विचारायची सोय नाही. तहसील कचेरीच्या खिडकीतला जुना कारकून ‘कागद अपुरे आहेत’ म्हणून अर्ज परत सरकवतो आणि कोणता कागद ते सांगत नाही, तसा याचा खाक्या.

स्वभाव मुळात संशयी. प्लग लावला की आधी व्होल्टेज बघणार, मग अर्थिंग आहे का ते तपासणार. त्यानंतर गाडीची चौकशी. तो १२ व्होल्टचा एक बारीक इशारा पाठवतो. गन नीट बसली असेल तर गाडी तो ९ वर आणते, वीज घ्यायला तयार असेल तर ६ वर. ६ दिसल्याशिवाय हा आतली रिले जोडत नाही. जोडली की ‘टक्’ असा आवाज येतो. तेवढाच त्याचा कंठ. पुढेही डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो. ३० मिलिअँपिअरच्या आसपास वीज कुठे गळते आहे असं वाटलं, तरी तो सगळा कारभार बंद करतो.

त्यात याचा कारभार रात्रीचा. पंधरा अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला जेमतेम ३.३ युनिट वीज जाते. तीस युनिटची बॅटरी रिकामी असेल तर नऊ-दहा तास लागणार. मध्यरात्री याचं मन फिरलं तर सकाळी ऑफिसला निघताना कळतं. काट्यावर चाळीस टक्के, आणि पार्किंगमध्ये लाल डोळा.

उन्हाळा याला सोसत नाही. पुण्यातल्या आमच्यासारख्या जुन्या सोसायट्यांत अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून एकदा भरलेला असतो, मग तो कुणाच्या ध्यानात राहत नाही. मे महिन्यात माती सुकते, अर्थिंग कमजोर होतं. लिफ्ट चालते, पंप चालतो, कुणाचीच तक्रार नसते. हा मात्र अडून बसतो. आमच्या वॉचमनने उपाय शोधला आहे: “साहेब, खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता, मग बघा.” ओतलं की बरेचदा हिरवा दिवा लागतो. बरेचदा, नेहमी नाही. सगळी पंचाईत त्या ‘नेहमी नाही’मध्ये आहे.

हा कारण सांगत नाही म्हणून बाकीचे सगळे त्याच्या वतीने बोलतात. इलेक्ट्रिशियन मीटर लावून म्हणतो, “काका, लाइन टकाटक आहे, गाडीतच लोच्या आहे.” सर्व्हिस सेंटरचा सल्लागार गाडी न बघता म्हणतो, “सर, तुमच्या सोसायटीचं अर्थिंग चेक करून घ्या.” कंपनीच्या फोनवरची मुलगी म्हणते, नवं सॉफ्टवेअर आलंय, ते टाकून बघू.

गाडी वर्कशॉपला नेली की वेगळीच गंमत. तिथे ती मोठ्या डीसी फास्ट चार्जरला लावतात, आकडे भराभर चढतात आणि सल्लागार विजयी चेहऱ्याने सांगतो, “चार्ज होतेय की, सर!” होणारच. घरची वीज एसी. ती बॅटरीजोगी करून घ्यायला गाडीत ऑनबोर्ड चार्जर नावाचा भाग असतो. फास्ट चार्जर हे काम स्वतःच उरकतो आणि वीज थेट बॅटरीला देतो. म्हणजे ज्या दोघांवर संशय, तो डबा आणि तो ऑनबोर्ड चार्जर, त्यांना बाहेर बसवून चौकशी पूर्ण! जॉब कार्डावर शेरा: ‘दोष आढळला नाही.’

आणि दोष आढळला तरी सुटका कुठे? नारिंगी केबलींना हात लावायचा तर हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेला माणूस हवा. तो शाखेत एकटाच, आणि सध्या गावी. भाग ‘कंपनीकडून निघालाय’. तो निघालेलाच राहतो.

डब्याशी जमवून घेण्याची एक रीत आहे: त्याच्या वतीने कुणाला बोलू द्यायचं नाही, त्यालाच बोलतं करायचं. त्याच्या लाल दिव्याची उघडझाप मोजायची. किती लुकलुकला म्हणजे काय, हे पुस्तिकेत बहुधा दिलेलं असतं. मग अदलाबदल. आपला डबा आणि आपली गाडी दुसऱ्या इमारतीच्या सॉकेटवर. आपल्या सॉकेटवर, आपल्याच गाडीला, शेजाऱ्याचा तसलाच डबा. सॉकेट बदलल्यावर तक्रार गेली तर वायरिंग दोषी, डबा बदलल्यावर गेली तर डबा, आणि कशानेच गेली नाही तर गाडी. व्हिडिओ काढायचा, आणि वर्कशॉपमध्ये हट्ट धरायचा: याच डब्याने, पंधरा अँपिअरच्याच सॉकेटवर, रात्रभर लावून बघा. जॉब कार्डावर ‘चार्जिंग प्रॉब्लेम’ असं मोघम लिहू द्यायचं नाही. ‘एसी चार्जिंग मध्येच तुटते’ असं लिहून घ्यायचं, आणि दर खेपेच्या कार्डाची प्रत जपून ठेवायची. पुढे ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर बोलायची किंवा २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जायची वेळ आली, तर कामाला येतात ते हे कागद.

गाडी विकणारा गोड बोलतो, दुरुस्त करणारा गोड बोलतो, फोनवरची मुलगी तर सगळ्यात गोड. या सगळ्यांत हा एकटा तुसडा, आणि धोका वाटला तर तोंडावर नाही म्हणणाराही हा एकटाच. गाडीच्या बॅटरीला साधारणपणे आठ वर्षांची वॉरंटी मिळते. याची त्याआधीच संपते. खरं बोलणाऱ्याची हमी घ्यायला इथे फार दिवस कुणी तयार नसतं.