काडतुसाच्या पोटात : काळी दारू, कॉर्डाइट आणि दख्खनचा उन्हाळा

१/
रावेत, किवळे, निगडी, तळवडे या पट्ट्यात घर घेऊ पाहणाऱ्याच्या कानावर एक शब्द फार लवकर पडतो : 'रेड झोन'. देहूरोडच्या लष्करी दारूगोळा डेपोभोवती आखलेली ती बांधकामबंदीची हद्द. त्या रेघेमागे एक जुनी चिंता आहे. साठवलेली दारू वर्षानुवर्षे उन्हाळे सोसत असताना कशी वागेल? हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी आणखी एका वर्गाला पडत असे, आणि त्याला तर पहिल्या बारातच उत्तर मिळून जाई. तो वर्ग म्हणजे गवा आणि वाघ यांच्या मागे रायफल घेऊन जाणारे शिकारी. हा धागा त्यांच्या काडतुसांत काय भरले जाई आणि ते कोण ठरवी, याविषयी.

२/
आरंभी एक खुलासा. येथे 'दारू' म्हणजे बंदुकीची. मराठीत हा शब्द मद्याला पुरता चिकटण्याआधी तोफखान्याचा होता. 'दारूगोळा' आणि 'शोभेची दारू' या शब्दांत तो अर्थ अजून जिवंत आहे. मुंबईत माझगावच्या बाजूला 'दारूखाना' नावाची वस्ती आहे, ती गुत्त्यांवरून नव्हे, दारूच्या कोठारावरून.

३/
काळ्या दारूचे घटक तीनच : सोरा, कोळसा, गंधक. इंग्रजी मान्य प्रमाण ७५ : १५ : १०. यातला सोरा मोठ्या प्रमाणावर बिहारमधून इंग्लंडला जाई आणि तयार दारूच्या डब्यांतून पुन्हा हिंदुस्थानात उतरे. कापसाची कथा सर्वांना पाठ असते. सोऱ्याची तीच कथा आहे, पण ती फारशी कोणी सांगत नाही.

४/
या दारूची निवड म्हणजे मुख्यतः दाण्याची निवड. बारीक दाणा झटकन जळतो, जाड दाणा सावकाश. पिस्तुलाला बारीक दाणा चालतो. मोठ्या रायफलीत तोच घातला तर जड गोळी हलण्यापूर्वीच दाब शिगेला पोचतो. म्हणून मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी 'कर्टिस अँड हार्वे'ची सहा नंबरची जाड दारू नावाजलेली होती. शिकारी डबा उघडून दाणा पाही, मापाने दारू भरी, शिसे वितळवून साच्यात गोळ्या ओती. रिकाम्या पुंगळीला नवी टोपी बसवून तीच पुन्हा भरता येई. तंबूतल्या मेजावर होणारे हे काम होते.

५/
या कामाला शास्त्राची बैठक देऊ पाहणाऱ्यांत जेम्स फोर्सिथ हा अधिकारी महत्त्वाचा. पचमढी आणि सातपुड्याच्या जंगलांवरचे त्याचे पुस्तक १८७१ मध्ये आले. त्याआधी, १८६३ मध्ये, त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : नळीतल्या आट्यांचा पीळ फार घट्ट असेल तर दारू वाढवता येत नाही, कारण मऊ शिशाची गोळी आटे सोडून सरळ घसरत जाते. मग पीळच सैल करावा. आठ फुटांहून अधिक लांबीत एक फेरा इतका सैल. त्यात गोल, जड गोळी घालावी आणि दारू भरपूर भरावी. गोळी सपाट रेषेत जाते आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम साधतो.

६/
फोर्सिथचे गणित पुढे लांबट गोळ्यांनी मागे टाकले, पण त्याने मांडलेला धडा टिकला. दारू एकटी निवडता येत नाही. गोळीचे वजन, नळीचे आटे आणि दारू ही तिन्ही मिळून एकच निवड असते. बंदुकीवर लिहिणारे आजचे कित्येक उत्साही लेखक हे विसरतात आणि नुसत्या वेगाचे आकडे फेकत राहतात.

७/
काळ्या दारूचे दोष दोन : धूर आणि काजळी. पहिला बार उडाला की समोर पांढरा पडदा. वाघ पडला, पळाला की अंगावर येतो आहे, हे धूर विरेपर्यंत कळत नसे. काजळी पावसाळी हवेतला ओलावा ओढून घेई आणि न पुसलेली नळी गंजू लागे. तिचा एक गुण मात्र पुढे फार आठवला गेला. उष्णतेचा तिच्यावर फारसा परिणाम होत नसे. लंडनच्या हिवाळ्यात आणि चांद्याच्या मे महिन्यात ती जवळपास सारखीच वागे.

८/
आता खडकी. १८६९ मध्ये खडकीत लष्करी बंदुकांची काडतुसे करणारा कारखाना उभा राहिला. पुणे-मुंबई रेल्वे जवळच होती आणि छावणी तर होतीच. देहूरोडपर्यंतचा आजचा आयुधनिर्माणीचा पट्टा पुढे ज्या भागात वाढला, त्याचे हे आद्य ठाणे. ब्रिटिश काळातल्या .३०३ काडतुसांच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरे दिसली तर ती 'कर्की फॅक्टरी'ची, म्हणजे खडकीची.

९/
त्याच सुमारास युरोपात दारूचा चेहरा बदलत होता. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने बिनधुराची दारू केली, १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेलने बॅलिस्टाइट काढले. १८८९ मध्ये फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी ब्रिटिश उत्तर दिले : कॉर्डाइट. ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन, ५ टक्के व्हॅसलीन. असिटोनमध्ये मळून ते शेवयांसारखे दोऱ्यांत काढले जाई, म्हणून 'कॉर्ड'वरून हे नाव. व्हॅसलीन नळीला वंगण म्हणून घातले होते. वंगणाचे काम त्याने केलेच नाही, पण दारू टिकवण्याचे काम मात्र केले.

१०/
फरक केवढा होता ते .३०३ च्या आकड्यांत दिसते. आधीच्या काडतुसात दाबून बसवलेली ७१.५ ग्रेन काळी दारू असे. (१ ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन.) १८९१ पासून त्याच पुंगळीत सुमारे ३० ग्रेन कॉर्डाइट आले आणि गोळी अधिक वेगाने जाऊ लागली. निम्म्याहून कमी दारू, ताकद जास्त, धूर जवळपास नाही.

११/
किंमत नळीने मोजली. ली-मेटफर्ड रायफलीचे उथळ, गोलसर आटे काळ्या दारूची काजळी साचू नये म्हणून तसे केलेले होते. कॉर्डाइटच्या तप्त वायूंनी ते झिजून गेले. १८९५ मध्ये खोल, चौकोनी कडांचे एन्फिल्ड आटे आले आणि रायफलीचे नावही ली-एन्फिल्ड झाले. १९०१ मध्ये दारूही बदलली. 'कॉर्डाइट एम डी'त नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणले आणि गनकॉटन ६५ टक्के केले.

१२/
शिकारी बंदुकांत कॉर्डाइट आणणाऱ्यांत जॉन रिग्बी अग्रणी. हा डब्लिनचा बंदूककार १८८७ पासून काही वर्षे एन्फिल्डच्या सरकारी कारखान्याचा प्रमुख होता, म्हणजे .३०३ चे सारे बाळंतपण त्याच्या डोळ्यांसमोर झालेले. १८९८ मध्ये त्याने .४५० नायट्रो एक्स्प्रेस आणले. जुन्या .४५० एक्स्प्रेसच्या सव्वातीन इंची पुंगळीत १२० ग्रेन काळी दारू बसे. रिग्बीने त्या मापाच्या पुंगळीत ७० ग्रेन कॉर्डाइट घातले, वर ४८० ग्रेनची गोळी ठेवली. हत्तीच्या कवटीपर्यंत पोचणारी गोळी आता खांद्याला पेलेल अशा रायफलीत मावली.

१३/
आणि येथेच दख्खनचा उन्हाळा आडवा आला. कॉर्डाइट तापले की वेगाने जळते आणि दाब चढतो. इंग्लंडच्या पंधरा-सोळा अंशांत जुळवलेले काडतूस विदर्भात ४५ अंशांच्या दुपारी, उन्हात तापलेल्या नळीत गेले की तेच काडतूस राहत नसे. दाब वाढला की पितळी पुंगळी फुगून खोलीत रुतून बसते.

१४/
दुनळी रायफलीत ही गोष्ट जिवावरची. तिच्यात पुंगळी ओढून काढण्याची ताकद बेताचीच असते. दोन बार झाले, रायफल मोडून उघडली आणि पुंगळ्या निघाल्याच नाहीत, तर पुढे जखमी गवा आणि हातात एक महागडे दांडके. दाजीपूरसारख्या दाट रानात गवा दिसतो तो वीस-पंचवीस पावलांवर. तिथे तिसऱ्या काडतुसाला उसंत मिळणे न मिळणे हे दारूवर ठरे.

१५/
म्हणून मोठ्या शिकारी काडतुसांचा घाट असा विचित्र दिसतो : लांबच लांब, ऐसपैस पुंगळी आणि दाब मुद्दाम कमी. रिग्बीच्याच १९११ च्या .४१६ ची प्रशस्त पुंगळी याच हिशेबाची. कारखानदार उष्ण प्रदेशांसाठी दारू थोडी कमी घातलेली वेगळी काडतुसेही विकत. ताकदीचा हव्यास नव्हे, ताकदीला घातलेला लगाम ही त्या काळच्या निवडीतली खरी हुशारी होती.

१६/
जुन्या, काळ्या दारूच्या रायफली टाकून द्यायच्या का? त्या तर चांगल्या, महाग आणि वडिलार्जित. त्यांच्यासाठी 'नायट्रो फॉर ब्लॅक' नावाचा तोडगा निघाला. कॉर्डाइट इतके बेताने घालायचे की गोळीचा वेग काळ्या दारूइतकाच राहील आणि जुनी नळी फाटणार नाही. १९०७ मध्ये जिम कॉर्बेट चंपावतच्या नरभक्षक वाघिणीमागे गेला तेव्हा त्याच्या हाती अशाच जातीची .५०० 'मॉडिफाइड कॉर्डाइट' रायफल होती आणि तिची काडतुसे बरोबर तीनच. ती संपली. शेवटचा बार तहसीलदाराच्या जुनाट बंदुकीने करावा लागला.

१७/
पण कॉर्डाइटने एक गोष्ट शिकाऱ्याच्या हातून काढून घेतली, आणि तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष कमी जाते. दोऱ्यांची जुडी अरुंद मानेच्या पुंगळीत नंतर भरता येत नाही. .३०३ च्या कारखान्यात पुंगळीला मान पाडण्यापूर्वीच कॉर्डाइट आत ठेवीत आणि मग मान आवळीत. हे तंबूतल्या मेजावर होणारे काम नव्हे. डबा, माप आणि साचा मागे पडले आणि एली व किनॉक यांची सीलबंद खोकी आली. दारू कोणती निवडावी हा प्रश्न शिकाऱ्याकडून कारखान्याकडे गेला.

१८/
कारखान्यामागे सरकार होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक वा दारू बाळगणे गुन्हा ठरवले. युरोपियनांना त्यातून सूट होती. हा भेद काँग्रेसच्या अधिवेशनांत वर्षानुवर्षे खटकत राहिला. रानडुकरांपासून जोंधळा राखणाऱ्या शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीला कागद लागे, साहेबाच्या दुनळीला लागत नसे. संस्थानिकांची गोष्ट निराळी. १८९४ ते १९२२ या काळात गादीवर असलेले कोल्हापूरचे शाहू महाराज नामांकित शिकारी होते, आणि नव्या राजवाड्यात पेंढा भरलेली जनावरे आजही उभी आहेत.

१९/
विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने आणखी एक बंदी घातली. .४५० व्यासाच्या रायफली व काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास मनाई. कारण शिकारीचे नव्हतेच. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका याच मापाच्या होत्या. त्या बंडखोरांच्या हाती होत्या किंवा पडू शकत होत्या, आणि शिकाऱ्यांच्या मालातून त्यांना खुराक मिळेल ही भीती. रिग्बीचे लाडके माप एका फटक्यात हिंदुस्थानी बाजारातून उठले.

२०/
लंडनच्या बंदूककारांनी धावपळ करून .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी शेजारची मापे पुढे केली. ताकद जवळजवळ तीच, आकडा निराळा. आज जगभर शिकाऱ्यांत .४७० ची जी प्रतिष्ठा आहे, तिच्यामागे प्राण्यांचा अभ्यास कमी आणि हिंदी बंडाची धास्ती जास्त आहे. लिलावांच्या चकचकीत माहितीपत्रकांत हे वाक्य सहसा आढळत नाही.

२१/
दरम्यान कॉर्डाइट हिंदुस्थानातच होऊ लागले. १९०४ मध्ये निलगिरीत अरुवनकाडू येथे कॉर्डाइटचा कारखाना स्थापन झाला. स्फोटक रसायनांच्या अशा कामाला निलगिरीची थंड हवा मिळावी, हा निव्वळ योगायोग वाटत नाही. १९४० मध्ये खडकीत उच्च स्फोटकांचा स्वतंत्र कारखाना आला. आज खडकी, देहूरोड आणि अरुवनकाडू हे कारखाने २०२१ मध्ये स्थापन झालेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडखाली आहेत. त्या कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच.

२२/
शिकारीचा अंत त्यामानाने लवकर सांगून होतो. ताडोबात १९३५ मध्ये शिकारबंदी झाली, दाजीपूर १९५८ मध्ये अभयारण्य झाले, १९७० मध्ये देशभर वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उरलेले दार लावले.

२३/
परदेशात मात्र गोष्ट उलटी फिरली. १९६० च्या दशकात किनॉकने ही मोठी काडतुसे बंद करीत आणली. आफ्रिकेत आणि अमेरिकेत ज्यांच्याकडे जुन्या दुनळी रायफली होत्या, त्यांना पुन्हा मेज मांडावे लागले. दाणेदार बिनधुराच्या दारूंतून कॉर्डाइटचा पर्याय शोधायचा होता. दुनळीच्या दोन्ही नळ्या एका ठरावीक गोळीसाठी आणि ठरावीक दारूसाठी जुळवून जोडलेल्या असतात. वेग बदलला की डावी-उजवीच्या गोळ्या एका जागी पडत नाहीत. त्यात नव्या दारूचे दाणे ऐसपैस पुंगळीत अर्धेच भरत, म्हणून वर हलके भरण घालावे लागे. आणि उष्णतेचा प्रश्न होताच. तापमानाने बिथरत नाही ही आजही शिकारी दारूच्या जाहिरातीतली मोठी बढाई असते.

२४/
येथे तो शोध कोणी घेतला नाही, घेण्याचे कारणही उरले नव्हते. अशा एखाद्या जुन्या रायफलीच्या नळ्या उलट्या करून पाहिल्या तर खालच्या सपाट भागावर तपासणीच्या शिक्क्यांशेजारी दारू आणि गोळी यांची कमाल मर्यादा कोरलेली सापडते : कॉर्डाइट ७०, गोळी ४८०.