शिडाची चुंबळ

जुन्या दोराला एक वास असतो. स्वीडन-फिनलंडच्या जंगलांत पाइनची मुळं दिवसचे दिवस मंद धुमसत ठेवून जे दाट, तपकिरी डांबर गाळलं जाई, ते पीत पीत म्हातारा झालेल्या हेम्पच्या दोराचा वास. थोडा धुराचा, थोडा मिठाचा, आणि अगदी तळाशी, सावकाश श्वास घेतला तरच कळणारा, किंचित गोडसर. एकदा नाकात शिरला की तो तिथेच मुक्काम करतो आणि पुढे कधीतरी, आपण बोलावलेलं नसताना, वर येतो.

मला तो भेटला इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूलच्या जुन्या गोदीत. तिथे ‘त्रिंकोमाली’ अजून पाण्यावर तरंगते आहे. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानातून घडवलेली ही फ्रिगेट. इंग्लंडात ओक पुरेनासा झाला, तेव्हा आपल्याकडचं लाकूड कामी आलं. सागवान ओळखीचं होतं, पाऊस मात्र परका. त्या भुरभुरत्या पावसात डोलकाठीपाशी उभी होते, ओल्या दोरांतून तो वास उठला, आणि तोफा, कप्तानाची खोली, सगळं बघायचं राहूनच गेलं. मी दोरच बघत राहिले.

दोर बघता बघता कळत जातं, की शिडाच्या जहाजावर प्रत्येक वस्तू दुसरीला लागत असते. शीड दोराला, दोर आडव्या काठीला, काठी डोलकाठीला. वादळात शीड टराटरा फाटतं आणि त्याच्या गोष्टी होतात. पण शिडाला हळूहळू खातं ते निवांत पाणी. वारा पडलेला असतो, दूर कुठल्यातरी वादळाची लाट मात्र अजून समुद्राच्या अंगातून गेलेली नसते. जहाज इकडे कलतं, तिकडे कलतं, रिकामं शीड प्रत्येक हेलकाव्याला दोरावर आपटतं, घासतं, परततं. रात्रभर. दुसऱ्या दिवशीही. मोडल्याचा आवाज नाही, कुणाची आरोळी नाही. कापडातला एकेक धागा तेवढा निघून जातो.

त्या झिजेशी खलाशी शतकानुशतकं फार प्रेमाने भांडत आले. जाड दोराच्या तीन पदरांमध्ये जी खाच राहते तिच्यात आधी बारीक दोरी बसवायची. मग डांबर लावलेल्या कॅनव्हासच्या पट्ट्या पिळाच्या दिशेने गुंडाळायच्या. आणि त्यावर, पिळाच्या उलट, सुताची दोरी खाचेच्या मोगरीने ताणून इतकी घट्ट वेढायची की पाण्यालाही आत वाट मिळू नये. आडवी काठी जिथे डोलकाठीला घासे तिथे दोरांच्या विणलेल्या चटया बांधायच्या. कुठे चामडं मढवायचं, कुठे स्वयंपाक्याकडून आलेली खारवलेल्या मांसाची चरबी चोळायची. आणि शीड टेकणाऱ्या दोरांवर ते केसाळ, झिपरे, पाहताक्षणी हसू आणणारे गुंडाळे चढवायचे. दर्यावर्दी त्यांना बॅगीरिंकल म्हणतात. निकामी दोर उसवायचा, त्याचे सूत वीतभर लांबीचे कापायचे, दोन समांतर दोऱ्यांवर एकेक सूत अडकवून दाट झालर करायची आणि ती दोराभोवती गोलगोल गुंडाळायची. आता शिडाने हवं तितकं टेकावं. त्याला लागतं ते मऊच.

रिचर्ड हेन्री डाना हा हार्वर्डचा विद्यार्थी. गोवर येऊन डोळे अधू झाले म्हणून पुस्तकं मिटून १८३४ साली बॉस्टनहून ‘पिलग्रिम’ जहाजावर साधा खलाशी म्हणून निघाला, केप हॉर्नला वळसा घालून कॅलिफोर्नियाला पोचला. त्या सफरीवरचं त्याचं पुस्तक १८४० साली आलं. त्यात तो सांगतो, की घासण्यापासून राखणारी ही सगळी वेढणं काढणं, घालणं, दुरुस्त करणं एवढंच काम दोन-तीन माणसांना अख्खी सफर पुरेल. किती हात या कामात गेले असतील! नकाशावर त्यांची रेघ नाही. मेलव्हिलने मात्र १८५१च्या ‘मोबी डिक’मध्ये त्यांना एक दुपार दिली. ढगाळ, उमसलेली, सुस्त दुपार; इश्माएल आणि क्वीक्वेग दोरांची चटई विणत बसले आहेत, आणि विणता विणता इश्माएलला वाटतं, आपण काळाच्या मागावर बसलो आहोत. हातांना असं संथ काम असलं की मन किती लांब जाऊन येतं!

मला त्याहून लोभस वाटतो तो एक बारीक दोरा. शीड गोळा करायचे दोर त्याच्या पुढच्या अंगाने लोंबत असतात आणि ताणलेले राहिले तर कापडाला खात राहतात. म्हणून खलाशी वर चढून ते सैल करी, आणि ते तसेच सैल राहावेत म्हणून कच्च्या सुताने बांधून ठेवी. कच्च्याच. शीड आवरायची वेळ आली की डेकवरून एक हिसका, आणि सूत तुटून दोर मोकळा. सुताची निवडच मुळी तुटण्यासाठी.

त्या दिवशी त्या वासाबरोबर आजी आठवली. कोकणातली चढाची वाट, डोक्यावर तांब्याचा हंडा, आणि हंड्याखाली जुन्या लुगड्याची चुंबळ. भार हंड्याचा, मान आजीची, मधली झीज चुंबळीची. जहाजावरचा तो झिपरा गुंडाळाही शिडाची चुंबळच. नांगर पेलण्याचं, शीड ताणण्याचं बळ संपलेला दोर, आता फक्त मधे उभा. आजीचंही शेवटी शेवटी घरात तेच काम होतं. दोन माणसांच्या मधे बसायची, काही बोलायची नाही. आणि कुणाला कुणाचं लागत नसे.

आता शिडं कृत्रिम धाग्याची झाली, घासणाऱ्या जागी प्लॅस्टिकची नळी किंवा चिकट पट्टी लावली की भागतं. जुन्या घाटाच्या जहाजांवर मात्र ते गुंडाळे अजून हातानेच होतात, टाकाऊ दोरांचेच. एखाद्या बंदरात असं जहाज आलं तर जरूर जा. भरलेल्या शिडांचं कौतुक करून झालं की दोरांवरच्या त्या झिपऱ्यांकडेही मान वर करून बघा. शीड धड दिसतं ते त्यांच्या जिवावर.