मध्यम मोलाची झरणी

ज्याच्या गाठीस तीनशे रुपये आहेत त्यास पेन निवडणे सोपे असते, आणि ज्याच्या गाठीस तीस हजार आहेत त्यास ते त्याहूनही सोपे असते. एकाने दुकानदार देईल ते घ्यावयाचे, दुसऱ्याने दुकानदार दाखवील त्यातले सर्वांत झगझगीत घ्यावयाचे. खरी विवंचना त्या मधल्या माणसाची, ज्याने शाळकरी पेनावर वर्षानुवर्षे आपला मजकूर निभावून नेला आहे, ज्याच्या मधल्या बोटाच्या पेराला निळ्या डागाची सनद कधीच मिळाली आहे, आणि ज्याने आता घरच्या जमाखर्चात, घरातल्यांच्या संमतीने किंवा त्यांच्या नकळत, दोन-अडीच हजारांची रक्कम एका बऱ्यापैकी पेनासाठी मुक्रर केली आहे.

अशा माणसाला पहिला मोह पडतो तो सुवर्णाचा. काचेच्या पेटीत, मखमलीच्या खाचेत पहुडलेल्या त्या पिवळ्या निबेवर '585' असा आकडा कोरलेला असतो, म्हणजे ते चौदा कॅरटचे सोने, हजारांत पाचशे पंच्याऐंशी भाग शुद्ध. आणि तो आकडा पाहिला की पोलादी निब एकाएकी दीनवाणी भासू लागते. परंतु सोने निबेत शिरले ते शोभेसाठी नव्हे. माजूफळ आणि हिराकस यांच्या संयोगातून सिद्ध होणारी जुनी शाई आम्लधर्मी होती, दस्तऐवजावर ती पिढ्यान्‌पिढ्या टिके, पण साध्या पोलादाला खाऊन टाकी; तिच्यापुढे टिकाव धरणारा धातू म्हणून सोन्याची योजना झाली. पुढे 1913 साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारे पोलाद सिद्ध केले, शाईही सौम्य रंगद्रव्यांची झाली, आणि सोन्याची निकड सरली. त्याचा मान मात्र तसाच राहिला. शिवाय सोने मऊ असल्यामुळे निबेच्या अग्रावर इरिडियम-ऑस्मियमच्या कुळातल्या एखाद्या कठीण धातूचा सूक्ष्म मणी जडवावा लागतो, तसाच तो चांगल्या पोलादी निबेवरही असतो, आणि कागदावरून जो घसरत जातो तो हा मणीच. म्हणजे चौदा कॅरटचे पेन वापरणाऱ्या श्रीमंताच्या कागदालाही सोन्याचा स्पर्श म्हणून कधी घडत नाही. मध्यम ऐपतीच्या गिऱ्हाइकाने एवढे ध्यानात धरले तरी त्याचे निम्मे दुःख हलके होईल. पोलादावर सोन्याचा मुलामा दिलेल्या निबेबद्दल तर मी काही बोलतच नाही.

पैसा ओतावयाचा तो निब आणि तिच्या पोटाशी दडलेली ती काळी, खाचाखाचांची जीभ यांच्या सलोख्यावर. पेनाच्या नळीतून शाई उतरावयाची तर तितकीच हवा वर चढली पाहिजे, नाही तर आत पोकळी निर्माण होऊन प्रवाह खुंटतो; आणि हवा मोकाट सुटली तर शाई एकदम कोसळते. एकाच अरुंद दिंडीतून आत येणारे आणि बाहेर जाणारे एकमेकांना धक्का न लावता जावेत, अशी ही तजवीज आहे. न्यूयॉर्कच्या लुई वॉटरमनने 1884 मध्ये जिचे पेटंट घेतले, त्या खाचेदार जिभेत या तजविजीचे सारे रहस्य होते. त्यापूर्वीच्या झरण्या एक तर कोरड्या पडत, नाही तर सदऱ्यावर आपली कैफियत लिहून ठेवीत. आजही दोन सारख्या दिसणाऱ्या पेनांतील एक ओघवते लिहिते आणि दुसरे प्रत्येक ओळीच्या आरंभी अडखळते, त्याचे कारण बहुधा इथेच सापडते: निबेची चीर किंचित आवळलेली असते, किंवा जीभ निबेला नीट भिडलेली नसते.

ही जीभ एबोनाइटची असली तर मला अधिक रुचते. रबर आणि गंधक यांच्या पाकातून जन्मलेला हा काळा पदार्थ शाईला सहज ओला होतो, आणि उष्णतेने थोडा मऊ होत असल्यामुळे जाणता कारागीर त्याला निबेवर नेमका बसवू शकतो. आपल्या देशात एबोनाइटची परंपरा अद्याप जिवंत आहे, ती मुख्यत्वे दक्षिणेत. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने घडविलेले पेन गांधीजींनी वापरून पाहिले आणि 1935 च्या जुलैत वर्ध्याहून पत्र धाडून त्याची पसंती कळविली. विदेशी पेनांच्या जागी ते चालण्यासारखे दिसते, इतपतच त्या पसंतीचा सूर होता, आणि पेनाबद्दल इतके मोजके बोलणारा माणूस मला विश्वसनीय वाटतो. या घराण्यातली हाती घडविलेली पेने आजही माफक किमतीला मिळतात. त्यांपैकी ज्यांच्या पोटात ड्रॉपरने थेट शाई भरतात त्यांची एक खोड मात्र सांगितली पाहिजे: शाई तळाशी जाऊन हवा वाढली, की हाताच्या उबेने ती हवा फुगते, शाईला पुढे रेटते आणि नेमका सहीच्या जागी टपोरा थेंब सोडते. विदर्भाच्या वैशाखात तर याला पारावार नाही. पेन निम्मे रिते होताच भरून घेण्याची शिस्त ज्याच्या अंगी नाही, त्याने शाई ओढून घेणाऱ्या सुट्या नळीचे, म्हणजे कन्व्हर्टरचे, पेन घ्यावे हे बरे.

दुकानातल्या परीक्षेविषयी माझे मत थोडे तिखट आहे. गिऱ्हाईक पेन हाती घेते, इंग्रजी सही ठोकते, दोन-चार आडवे आठ काढते आणि मान डोलावते. परंतु ज्याला आयुष्यभर देवनागरी लिहावयाचे आहे त्याला त्या आठांतून काय उमगणार? त्याने 'वाङ्मय' लिहावे, 'उद्धट' लिहावे, 'लक्ष्मी' आणि 'अर्घ्य' लिहावे. निब जाड असेल तर 'क्ष'चे पोट तत्काळ बुजते, 'द्ध'ची गाठ काळी पडते, आणि अनुस्वार मात्रेला जाऊन चिकटतो. जपानी निबेवरचा 'एफ', म्हणजे 'फाइन', हा जर्मन 'एफ'हून सामान्यतः बारीक असतो, कारण ती निब जपानी लिपीतल्या कांजी अक्षरांच्या दाट रेषांसाठी घडलेली असते; आपली जोडाक्षरे त्या बाबतीत रोमनपेक्षा कांजीच्याच पंगतीला बसणारी आहेत. यानंतर शिरोरेषा. मोडीचा कारकून आधी पानभर रेघ ओढून मग तिला अक्षरे टांगीत असे. आपण बालबोध लिहिणारे शब्द संपल्यावर रेघ देतो, आणि डावीकडून उजवीकडे जाणारी ती एकसंध आडवी रेघ मध्येच फिकट पडली, की जिभेचे कमकुवत खाते उघडे पडते. दुकानदार कपाळाला आठी घालील; घालू द्यावी. आपला कागद आपल्याबरोबर न्यावा, हेही आलेच, कारण दुकानातल्या गुळगुळीत कागदावर सगळीच पेने सुस्वभावी असतात.

नावे घ्यावयाचीच तर पायलटचे पितळी देहाचे मेट्रोपॉलिटन आहे, त्याची बारीक निब मराठीला मानवते. लामीची सफारी 1980 साली शाळकरी मुलांसाठी निघाली; तिच्या मुठीचे पैलू बोटांना आपली जागा दाखवून देतात, ज्यांची बोटे पन्नाशीतही कोणाचे ऐकत नाहीत त्यांना ते जाचतात, पण तिची निब नुसती ओढून बदलता येते हा गुण मोठा. प्लॅटिनमच्या काही स्वस्त पेनांच्याही टोपणात हवा अडविणारी अंतर्टोपी असते, त्यामुळे महिनोन्‌महिने पडून राहिलेले पेनही पहिल्या अक्षराला रुजू होते. उन्हाळ्यात शाई वाळण्याचा जाच ज्याने सोसला आहे, त्याला हे टोपण सोन्याहून मोलाचे वाटावे. माझा स्वतःचा कल, तिन्ही तोलून, मेट्रोपॉलिटनकडे झुकतो.

पेन घरी आले की प्रथम ते साध्या गार पाण्याने धुवावे, कारण कारखान्यातला तेलकटपणा शाईला रोखून धरतो. मग दांडेकरांची कॅमल किंवा बंगालची सुलेखा, असली कुठलीही साधी निळी शाई भरावी. चित्रकाराची काळी इंडियन इंक मात्र, कितीही तुकतुकीत दिसो, पेनाच्या आसपास फिरकू देऊ नये. ती जिभेत सुकली की तिची मनधरणी पाण्याने होत नाही. अडीच हजारांतून उरलेल्या रकमेत जाड, शाई न फुटणाऱ्या कागदाची एक वही बसते. सोनेरी कण तरळणाऱ्या त्या विलायती शायांचा विचार मी पुढल्या महिन्याच्या ताळेबंदापर्यंत तहकूब ठेवला आहे.