तारखेचा रकाना

कॉम्प्युटरमधला कागद हा कागदच नव्हे, असं मी नोकरीतली बहुतेक वर्षं मानत आलो. आज मानत नाही. हे मत बदलायला माझ्याच हातची एक नोंद कारणीभूत झाली, आणि ती नोंद कशी होती हे उघड सांगितल्याशिवाय या लिहिण्याला काही अर्थ नाही.

मी वेरूळचा. नोकरी वाळूजच्या एमआयडीसीत. १९८५ साली बजाजचा कारखाना तिथे सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग करणारे लहान-मोठे कारखाने उभे राहत गेले. खुलताबाद तालुक्यातली माझ्यासारखी कितीतरी माणसं शरणापूर-साजापूरच्या रस्त्याने रोज तिकडे जातात. माझी कंपनी छोटी. बुश, पिना, स्पेसर असला माल करून मोठ्या कंपन्यांना पुरवणारी. माझ्याकडे क्वालिटीचं रेकॉर्ड होतं : ग्राहकाकडून आलेली ड्रॉइंग, त्यांतले बदल, तपासणीचे रिपोर्ट, गेजची कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं आणि ऑडिटला लागणारं बाकी सगळं. बॉक्स फायलींच्या पाठीवर माझ्या अक्षरातली लेबलं होती. कुणी काही मागितलं की न शोधता हात बरोबर त्या फायलीवर जायचा. याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवतही नव्हतो.

मालकांनी (आम्ही त्यांना सर म्हणतो) सगळं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर घ्यायचं काढलं, तेव्हा मी उघड विरोध केला. सरांना म्हणालो, "सर, आमच्या गावात बाराशे वर्षांपूर्वीचं काम दगडात उभं आहे. तुमची हार्ड डिस्क किती वर्षं टिकणार?" ते हसले आणि गप्प बसले. मला वाटलं, जिंकलो. दुसरा मुद्दा मला त्याहून मोठा वाटायचा. कॉम्प्युटरमधलं काहीही कुणीही बदलू शकतो, मागमूस राहत नाही. शाईने लिहिलेलं आणि सही केलेलं खोटं बोलत नाही. हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलं होतं की मला ते पाठ होतं.

तरी सरांनी एक प्रयत्न करून पाहिला. बाहेरची दोन मुलं स्कॅनर घेऊन आली, कपाटातल्या फायली एकामागून एक काढल्या आणि शेवटी एक फोल्डर देऊन गेली. त्यात हजारो पानं होती आणि प्रत्येकाच्या नावाच्या जागी नुसता आकडा. कुणाला काही सापडेना. आठवडाभर लोकांनी उघडून पाहिलं, मग पुन्हा माझ्याच टेबलाशी यायला लागले. मला आनंद झाला. कंपनीचे पैसे वाया गेले, लोकांचा वेळ गेला आणि मला आनंद झाला, हे लिहिताना आज हात अडखळतो. ती मुलं काम करत होती तेव्हा नावं कशी द्यावीत हे सांगू शकणारा कंपनीत मी एकटाच होतो. मी सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही, ही माझी सबब होती.

त्यानंतरच्या पावसाळ्यात ते बुशचं प्रकरण झालं.

एका ग्राहकाने बुशच्या ड्रॉइंगमध्ये बदल केला. आतल्या कडेचा चॅम्फर अर्ध्या मिलिमीटरवरून एक मिलिमीटर. बदल एवढाच, पण त्यांच्या लाइनवर पिन बुशात अडकू नये म्हणून केलेला. नवं ड्रॉइंग, रेव्हिजन सी, माझ्याकडे आलं. मी त्यावर आवक तारखेचा शिक्का मारला, 'कंट्रोल्ड कॉपी'चा लाल शिक्का मारला, फायलीत लावलं. जुन्या बी रेव्हिजनच्या मास्टर कॉपीवर 'ऑब्सोलीट' मारलं. शॉपवर द्यायची प्रत ट्रेमध्ये ठेवली. ती तिथेच राहिली. मशीनपाशी पत्र्याच्या बोर्डावर बी रेव्हिजनची जुनी, तेलाने पिवळी पडलेली लॅमिनेट केलेली प्रत लटकत होती. ऑपरेटरने तिच्याकडे बघून माल केला आणि तिच्याप्रमाणे तो अगदी अचूक केला. ग्राहकाने सगळा लॉट परत पाठवला, वर डेबिट नोट.

मीटिंग बसली. कुणाचं चुकलं हे ठरवायचं होतं. मी आधी फाइल उघडून नवं ड्रॉइंग दाखवलं, मग इश्यू रजिस्टर काढलं. ड्रॉइंगचा नंबर, रेव्हिजन सी, दिल्याची तारीख आणि शेवटच्या रकान्यात शॉपच्या सुपरवायझरची सही. माल निघण्याच्या बऱ्याच आधीची तारीख. रजिस्टर टेबलावर फिरलं. ज्याची सही होती तो मुलगा गंगापूरकडचा, आमच्याकडे ऑपरेटर म्हणून लागून सुपरवायझर झालेला. त्याने ते पान पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. ग्राहकाला पाठवायच्या ८डी रिपोर्टमध्ये मूळ कारण लिहिलं गेलं : सुपरवायझरचं दुर्लक्ष. उपाय : प्रशिक्षण. त्याला मेमो मिळाला.

संध्याकाळी गाड्या लावतो तिथे त्याने मला गाठलं. आवाज चढवला नाही. म्हणाला, "काका, ती सही तुम्ही महिनाअखेरीला घेतली होती. ऑडिट आहे म्हणून पाच-सहा सह्या एकदम. माल तर त्याच्या आधीच गेला होता. तारीख तुम्हीच टाकून ठेवली होती, मी फक्त सही केली." थोडं थांबून म्हणाला, "तुम्ही म्हणालात म्हणून केली."

सगळं खरं होतं. ती माझी वर्षानुवर्षांची पद्धत होती. ड्रॉइंग आलं की त्याच दिवसाची तारीख रकान्यात टाकायची, प्रत सवडीने द्यायची, सह्या ऑडिटच्या आधी गोळा करायच्या. कुणाला फसवायचं म्हणून मी हे करत नव्हतो. रजिस्टर नीटनेटकं दिसावं, रकाना रिकामा राहू नये, एवढंच मनात असायचं. आणि मीटिंगमध्ये रजिस्टर फिरत होतं तेव्हा हे मला आठवलं नव्हतं का? आठवलं होतं. पान उघडतानाच आठवलं होतं. तरी मी गप्प राहिलो, कारण समोर सगळे माझ्या रेकॉर्डचं कौतुक करत होते.

त्या संध्याकाळी दौलताबादच्या घाटातून गाडी चालवताना डोक्यात एकच गोष्ट होती. कॉम्प्युटरमध्ये कुणीही खोटं घुसडेल म्हणून मी भांडत होतो, आणि खोटं लिहिलं होतं मी, शाईने, सुवाच्य अक्षरात, सहीसकट. त्या खोट्याला कागदाने अडवलं नाही. कागदाने ते सांभाळून ठेवलं आणि वेळ येताच पुरावा म्हणून एका निर्दोष माणसाविरुद्ध पुढे केलं. मी ज्याला कागदाचा खरेपणा म्हणत होतो, तो माझ्यावरचा लोकांचा विश्वास होता. मी तो वापरून घेतला.

दुसरीही एक गोष्ट टोचत राहिली. समजा, तारीख खरी असती, तरी काय झालं असतं? आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत कागदपत्रं कशी असावीत हे सांगताना पहिली अट अशी आहे की ती जिथे आणि जेव्हा लागतील तिथे आणि तेव्हा हाताशी असली पाहिजेत. कागदावर की पडद्यावर, हे ती आवृत्ती तुमच्यावर सोडते. ही अट मी दर ऑडिटच्या तयारीत वाचत होतो आणि माझं कपाट कुलूपबंद ठेवून ती पाळतो आहे असं समजत होतो. ड्रॉइंग लागतं मशीनपाशी. माझ्या कपाटात ते कितीही सुरक्षित असलं तरी बोर्डावरचं जुनं पान हेच त्या ऑपरेटरसाठी खरं ड्रॉइंग होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं. सर बराच वेळ रजिस्टर चाळत राहिले. मेमो मागे घेतला गेला, ग्राहकाला सुधारित रिपोर्ट गेला. सर मला एवढंच म्हणाले की नव्या सिस्टिमचं काम आता तुम्हीच करा. ती शिक्षा होती की विश्वास, हे मी विचारलं नाही.

या वेळी आम्ही सगळं कपाट उपसलं नाही. फक्त चालू मालाची ड्रॉइंग घेतली, कारण नुकसान तिथे होत होतं. स्कॅनरला हात लावण्याआधी मी शॉपवर जाऊन बसलो आणि लोक ड्रॉइंग कसं मागतात ते ऐकलं. पार्ट नंबर कुणीच म्हणत नाही. 'मोठा बुश', 'कॉलरवाली पिन', 'ते पुण्याचं स्पेसर' अशीच भाषा. मग प्रत्येक ड्रॉइंगला नंबर आणि रेव्हिजन यांच्याबरोबर हे बोलीतलं नावही जोडलं, मराठीत. आधीच्या प्रयत्नातली आकड्यांची रास कुणाला उपयोगी का पडली नाही, याचं उत्तर मला त्या बसण्यात मिळालं.

ड्रॉइंग सिस्टिममध्ये कोण टाकणार आणि मंजूर कोण करणार, ही माणसं वेगळी ठेवली. नवं रेव्हिजन मंजूर झालं की जुनं शॉपवर मशीनपाशी ठेवलेल्या टॅबवरून आपोआप जातं. जुनं पाहायची मुभा फक्त क्वालिटीला. पत्र्याचे बोर्ड आम्ही काढून टाकले. यावर कुरबूर झाली, तेलाच्या हाताने टॅब चालत नाही ही तक्रार खरीच होती. शेवटी टॅबवर जाड प्लास्टिकचं कव्हर आलं आणि शेजारी चिंध्यांचा डबा. वीज गेली तर काय, यासाठी इन्व्हर्टर. महिनाभर जुनी आणि नवी पद्धत एकत्र चालवावी असा माझाच हट्ट होता. तो चूक निघाला. दोन्हीकडे ड्रॉइंग असलं की माणूस जवळचं बघतो, आणि जवळचं जुनं असतं.

सगळ्यात जास्त मला जुळवून घ्यावं लागलं ते तारखेशी. कुणी ड्रॉइंग उघडलं, कधी उघडलं, कुणी मंजूर केलं, हे सिस्टिम स्वतः नोंदवते. तो रकाना मला भरता येत नाही, पुसताही येत नाही. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची न पुसता येणारी नोंद १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची झाली, तेव्हा आमच्या अकाउंटंटने कपाळाला हात लावला होता. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. अर्थात अशी नोंद विश्वासाची ठरते ती पासवर्ड ज्याचा त्याच्याकडे असेल तरच. एका शिफ्टला सगळ्यांनी एकाच्याच नावाने लॉगिन केलेलं सापडलं, तेव्हा मी पुन्हा पहिल्यापासून समजावत बसलो. महिनाअखेरीच्या सह्यांचाच तो नवा अवतार होता आणि तो मी चांगला ओळखत होतो.

काही कागद मात्र कागदच राहिले. जागेचे दस्त, स्टँप पेपरवरचे करार तिजोरीत आहेत. इलेक्ट्रॉनिक नोंदीला २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिली, पण मृत्युपत्र आणि ट्रस्टचा दस्त आजही त्या कायद्याच्या बाहेर आहेत. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. कुठला कागद किती काळ ठेवायचा आणि मग काढून टाकायचा, हे आम्ही पहिल्यांदाच ठरवलं. मी तोवर काहीच टाकलं नव्हतं आणि त्यालाच सांभाळणं म्हणत होतो.

दगडाच्या माझ्या मुद्द्यालाही गावातच उत्तर मिळालं. आमच्याकडच्या एका जुन्या गाइडशी बोलताना कळलं की कैलास लेणं कुणी कोरवलं हे सांगणारा लेख कैलासावर नाही. कृष्णराजाने एलापूरला, म्हणजे वेरूळला, ते अद्भुत देऊळ उभारलं, हे कळतं ते बडोद्यात सापडलेल्या शके ७३४ च्या ताम्रपटावरून, म्हणजे त्याच्याच घराण्याच्या एका शाखेने पुढे दिलेल्या दानपत्रातून. मंदिर वेरूळला आणि त्याची नोंद शेकडो मैल दूर. मी जन्मभर त्या लेण्यांच्या सावलीत राहिलो आणि मला हे माहीत नव्हतं. त्यानंतर आमच्या रेकॉर्डची एक प्रत कंपनीबाहेर ठेवण्यावर मी अडून बसलो, आणि दर महिन्याला तिथून एखादं ड्रॉइंग परत आणून उघडून पाहण्यावरही. पहिल्याच वेळी एक अख्खं फोल्डर रिकामं निघालं होतं. ती चाचणी केली नसती तर बाहेर प्रत आहे या भरवशावर आम्ही निश्चिंत राहिलो असतो.

राहिली ती जुनी इश्यू रजिस्टरं. वाहन उद्योगाच्या मानकाप्रमाणे मंजुरीची कागदपत्रं पार्ट चालू असेपर्यंत आणि त्यावर एक वर्ष ठेवावी लागतात. आम्ही त्याच मुदतीत रजिस्टरंही धरली आणि स्कॅन करून घेतली. प्रत्येकाच्या आधी मी एक पान जोडलं : यातल्या पोच-तारखा प्रत प्रत्यक्ष दिल्याच्या नाहीत, त्या मी आधी लिहून ठेवत असे. खाली माझी सही आणि त्या दिवसाची तारीख. सरांना काळजी वाटली, ऑडिटर हे पाहील. मी म्हटलं, पाहू दे. पुढच्या ऑडिटला त्याने ते पान वाचलं, मला दोन-तीन प्रश्न विचारले, वहीत काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाला, चला, आता शॉपवरचा टॅब दाखवा. तिथे सुपरवायझर दुसरा होता. गंगापूरचा तो मुलगा तोवर नोकरी सोडून गेला होता. जाताना तो मला भेटला, पण आम्ही त्या सहीबद्दल पुन्हा कधी बोललो नाही.