काचेचा स्वभाव

पावसाळ्यात येऊरच्या डोंगरावरून ढग खाली उतरतो आणि उपवन तलावापाशी येऊन रेंगाळतो. ठाण्यातल्या वर्तकनगरची हवा तेव्हा इतकी ओली असते की, पलीकडच्या काठावरची झाडं जवळ असूनही लांब वाटतात. जुन्या मॅन्युअल लेन्सेस एकमेकींशी ताडून बघायच्या तर हा उजेड मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. भर उन्हात कुठलीही लेन्स चांगलीच दिसते.

ताडून बघण्याची रूढ रीत मला ठाऊक आहे. ट्रायपॉड लावायचा, समोर विटांची भिंत किंवा वर्तमानपत्राचं पान धरायचं, प्रत्येक लेन्सने तेच चित्र टिपायचं आणि मग कोपरे मोठे करून अक्षरं वाचायची. मीही हे करते, आणि त्यात एक गोष्ट दर वेळी दिसते. अॅपर्चर आठवर आणलं, म्हणजे लेन्समधलं भोक लहान केलं, की बहुतेक जुन्या ५० मिलिमीटरच्या लेन्सेस एकसारख्याच बोलू लागतात. याला कारण आहे. गोलाकार काचेच्या कडेतून येणारे किरण मधल्या किरणांच्या बिंदूवर येऊन मिळत नाहीत, आणि त्यातून होणारा पसारा भोकाच्या व्यासाच्या घनाने वाढतो. अॅपर्चर दोनवरून चारवर नेलं की व्यास निम्मा होतो आणि तो पसारा थेट एक अष्टमांशावर येतो. सोळाच्या पुढे भोक इतकं लहान होतं की प्रकाशच कडांवर पसरतो आणि सगळ्याच लेन्सेस पुन्हा मऊ पडतात. म्हणजे शार्पनेस हवा असेल तर तो जवळजवळ प्रत्येकीकडे आहे, आठच्या आसपास. स्वभाव पाहायचा असेल तर लेन्स पूर्ण उघडावी लागते.

हेलिओस ४४-२ उघडून उपवनच्या झाडांकडे बघा. ही ५८ मिलिमीटरची रशियन लेन्स, विली मेर्टे यांनी १९२७ साली झाइस कंपनीत आखलेल्या बायोटार लेन्सच्या वंशातली. मधला चेहरा नीट येतो, पण मागची पानं त्याच्याभोवती फेर धरतात. तिरप्या येणाऱ्या प्रकाशाचा काही भाग लेन्सच्या नळीच्या कडा कापून टाकतात, त्यामुळे फोकसबाहेरचे ठिपके मध्यभागी गोल आणि कडेला बदामी होतात. हे बदाम केंद्राभोवती गोलाकार रांगेत मांडले जातात, आणि डोळ्याला चित्र फिरल्यासारखं वाटतं. व्हिएन्नात योसेफ पेट्झवाल यांनी १८४० साली आखलेल्या पोर्ट्रेट लेन्समध्येही असाच फेर दिसतो. काठावरच्या ओल्या पानांत जिथेजिथे प्रकाशाचा कण आहे, तिथे हेलिओस रमते. मोकळं आकाश मागे असेल तर तिला सांगण्यासारखं काही उरत नाही.

टेसार याच्या अगदी उलट. पॉल रुडॉल्फ यांची ही रचना १९०२ सालची: चार काचा, तीन गट. हवा आणि काच यांची सीमा इथे फक्त सहा ठिकाणी येते. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. सहा पृष्ठभागांत एक पंचमांशाहून जास्त गेला, आणि त्यातला काही भाग आतल्या आत घुटमळून चित्रावर धुरकट पडदा टाकतो. १९३५ साली झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी कोटिंगचा शोध लावेपर्यंत कमी काचा हाच त्यावरचा सोपा उपाय होता. म्हणून टेसारचं चित्र स्वच्छ, कोरडं, रेखीव. तिचा ब्लर मात्र मला खरखरीत वाटतो.

आणि टाकुमार. आसाही पेंटॅक्सच्या ५० मिलिमीटर, १.४ टाकुमारच्या सात काचांच्या रूपात थोरियम मिसळलेली काच आहे. थोरियममुळे काच प्रकाशाला जास्त वाकवते, तरी रंग फारसे फुटू देत नाही, १.४ इतकं मोठं अॅपर्चर साधायला अशी काच सोयीची होती. ती अगदी थोडी किरणोत्सारी असते, आणि वर्षानुवर्षांच्या त्या किरणांनी स्वतःच पिवळी पडते. उपाय ऊन. मे महिन्यात गच्चीवर, खाली अॅल्युमिनियमची फॉइल ठेवून काही दिवस उन्हं दिली की पिवळेपणा उतरत जातो. फक्त लेन्स एकटी सोडू नये. तीही भिंगच, खालचं कापड पेटवू शकते. ठाण्यात उन्हाचा आणखी एक उपयोग आहे: फंगस रोखणं. इथल्या दमट हवेत ती काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, तिच्यातलं आम्ल कोटिंग खातं, आणि मग पुसूनही तो डाग जात नाही. सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहणं हा या छंदातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

इतकं बघितल्यावर मला असं वाटू लागलं आहे की, लेन्स आखणारा माणूस दोष काढून टाकत नसतो, तो दोष निवडत असतो. एक पसारा आवरला की दुसरा डोकं वर काढतो. शेवटी कुठला राहू द्यायचा हे कुणीतरी आकडेमोड करून ठरवलेलं असतं. आपल्या घराघरांतल्या अल्बममध्ये बडोद्यात तयार झालेल्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याने काढलेले चौकोनी फोटो आहेत. त्याच्या साध्या लेन्सने मधली आजी टिपली आणि कोपऱ्यातलं अंगण विरघळू दिलं. त्या फोटोंना कुणी कधी अस्पष्ट म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

तरी शार्पनेसला हलकं लेखणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. वर्तकनगरातल्या म्हाडाच्या जुन्या इमारती पुनर्विकासात जात आहेत. त्यांच्यासमोर फेर धरणारी पानं कामाची नाहीत. तिथे जिन्यातल्या लाकडी पाट्यांवरची नावं वाचता आली पाहिजेत, ग्रिलला बांधलेली दोरी, प्लास्टरखालून डोकावणारी गंजलेली सळई दिसली पाहिजे. त्या इमारतींसाठी मी टेसार घेते, अॅपर्चर आठवर ठेवते आणि ट्रायपॉड लावते. आणि त्याच जिन्यात कुणी बोलायला थांबलं तर टाकुमार काढते, दोनवर, कारण माणूस समोर असताना भिंतीने थोडं मागे हटलेलंच मला हवं असतं.